विद्यापीठाचा नोकरवर्ग आणि पर्यावरण

सुरतेत सप्टेंबर १९९४ मध्ये प्लेगची साथ उद्भवली, तेव्हा लक्षावधी माणसे भयाने शहर सोडून गेली. तेच शहर १९९६ मध्ये ‘इन्टॅक’ संस्थेने स्वच्छतेत चंडीगढच्या खालोखाल ठरविले. हा पालट घडला कसा?

१९९५ मध्ये महापालिकेचे आयुक्त म्हणून आलेले एस. आर. राव यांनी आपला भर माणसांच्या कामावर दिला. शहराच्या सहा विभागांतील अधिकाऱ्यांना त्यांनी स्वतःचे बरेचसे अधिकार सोपविले. वरिष्ठांनी सकाळी कचेरीत न बसता गल्लीबोळांतून हिंडावे आणि दुपारी एकत्र बसून आढावा घ्यावा, असा दंडक घातला. साहेबच उकिरड्यापाशी उभे राहू लागले, तेव्हा मुकादमालाही सबब उरली नाही.

महापालिकेची ही हकीकत विद्यापीठांच्या संदर्भात सांगण्यास कारण आहे. याच सुरतेत १९६५ च्या कायद्याने दक्षिण गुजरात विद्यापीठ स्थापन झाले. आज ते वीर नर्मद यांच्या नावाने ओळखले जाते. पर्यावरण हा विषय सर्व स्तरांवर शिकवावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये दिला आणि पुढे देशभर पदवीच्या विद्यार्थ्यांस तो सक्तीचा झाला. विद्यार्थ्यांची सोय झाली. पण नोकरवर्गाचे काय?

कोणतेही विद्यापीठ घ्या. वर्गात जलसंधारणाचा पाठ चालू असतो आणि बाहेर नळ गळत असतो. तो दुरुस्त करण्याचा अधिकार ज्याला आहे त्याला तो दिसत नाही, व ज्या शिपायाला दिसतो त्याला अधिकार नाही. प्रयोगशाळेतील उरलेले आम्ल कोठे टाकावे, हे साहाय्यकाला नेमणुकीच्या वेळीच शिकवावयास हवे. खरेदी पाहणाऱ्या कारकुनाने निविदेत किमतीबरोबर विजेचा खर्चही पाहावा, असे त्याच्या कर्तव्यांत लिहिलेले हवे. आणि वार्षिक गोपनीय अहवालात या कामाची नोंद व्हावयास हवी. बढती ज्या रकान्यांवर ठरते, त्यांत जे नाही ते काम सहसा मागे पडते.

सर्वांत अवघड प्रश्न कंत्राटी कामगारांचा आहे. २०१६ च्या घनकचरा नियमांनी मोठ्या संस्थांवर कचरा जागच्या जागी वेगळा करण्याचे बंधन घातले. प्रत्यक्षात ते काम करते झाडणारी बाई. तिला ओला-सुका भेद शिकवावा, हातमोजे द्यावेत, आणि वर्षअखेर कंत्राटदार बदलला की तीही जावी! नव्या बाईला पुन्हा पहिल्यापासून शिकवावे लागते. निदान ठेकेदार बदलला तरी जुनी माणसे कामावर ठेवावीत, अशी अट करारात घालणे कुलसचिवांच्या हाती आहे.