श्रवणऱ्हास आणि आवाजाचा मोठेपणा

“जरा मोठ्याने बोला” असे म्हणणारी वृद्ध व्यक्ती आपण आवाज चढविताच “ओरडता कशाला?” असे विचारते, हा अनुभव घरोघरचा आहे. घरची माणसे याचा दोष तिच्या स्वभावास देतात. वस्तुतः तिची दोन्ही विधाने खरी असू शकतात.

ध्वनीची तीव्रता ही भौतिक राशी, तर मोठेपणा ही ऐकणाऱ्याची संवेदना होय. निरोगी कानास तीव्रता सुमारे १० डेसिबलांनी वाढली असता आवाज दुप्पट मोठा भासतो. अंतर्कर्णातील बाह्य रोमपेशी क्षीण ध्वनीस बळ देतात. प्रबळ ध्वनीस त्यांचे साहाय्य फारसे लागत नाही. त्या नष्ट झाल्या म्हणजे क्षीण ध्वनी लोपतात, प्रबळ ध्वनी मात्र जवळजवळ पूर्वीइतकेच मोठे वाटतात. समजा, श्रवणाची खालची मर्यादा ० वरून ५० डेसिबलांवर गेली व असह्यतेची मर्यादा १०० च्या आसपासच राहिली, तर मोठेपणाची सारी चढण निम्म्या अंतरात चढावी लागते. या शीघ्र वाढीस ‘रिक्रूटमेंट’ अशी संज्ञा आहे.

ठाणे-कल्याणच्या शेजारी भिवंडीस यंत्रमागांच्या गोंगाटात अनेकांचे आयुष्य जाते. गोंगाटजन्य ऱ्हास बहुधा प्रथम ४००० हर्ट्झच्या आसपास दिसतो. स्वरांची बरीचशी ऊर्जा १००० हर्ट्झच्या खाली असते. ‘स’ची मात्र बव्हंशी ४००० च्या वर. म्हणून ‘सात’ आणि ‘हात’ यांतील ‘आ’ स्पष्ट ऐकू येतो, पण भेद हरवतो. ओरडल्याने स्वर फुगतात, व्यंजने त्या मानाने फारशी नाहीत. त्रास वाढतो, बोध वाढत नाही. आधुनिक श्रवणयंत्रे क्षीण ध्वनी अधिक व प्रबळ ध्वनी कमी वर्धित करतात, ते याच कारणाने.

बोलींच्या अभ्यासकासही हे महत्त्वाचे आहे. आगरी बोलीत ‘ण’च्या जागी ‘न’ येतो, हे बोलीचे लक्षण. परंतु एखाद्या वृद्ध निवेदकास ‘साल’ व ‘शाल’ सारखेच ऐकू आले, तर ते बोलीचे लक्षण म्हणून नोंदविण्यापूर्वी त्याच्या श्रवणाची चौकशी करावी. त्याच्यासमोर बसून, सावकाश व नेहमीच्याच आवाजात बोलावे. अन्यथा कानाचा दोष बोलीच्या माथी मारला जाईल.