गाडी सारखी गॅरेजला जाते. कंपनी बदलावी की नाही?

सेलूसारख्या गावात चारचाकी ही आता फक्त हौस राहिलेली नाही. रात्री-अपरात्री रुग्णाला परभणीला न्यायचं असतं, मुलीला औरंगाबादच्या कॉलेजात सोडायचं असतं, निकाहाच्या तारखा आल्या की अर्धं खानदान जालना, पाथरी, जिंतूर असं फिरत असतं. अशा वेळी गाडी देवगाव फाट्यावर उभी राहिली की घरात एकच वाक्य ऐकू येतं, "ही कंपनीच खराब आहे, दुसऱ्या कंपनीची घेऊन टाका." मग भिशी उचलली जाते, कुणी कर्ज-ए-हसना देतो, कुणी नाइलाजाने सूदवाल्या कर्जाकडे वळतो. घरातला हा मोठा खर्च असतो, पण निर्णय रागाच्या भरात होतो. म्हणून हा प्रश्न शांतपणे समजून घेऊ या.

दोष नेमका कुणाचा?

गाडी वारंवार बिघडते त्याची कारणं साधारण तीन असतात. एक, त्या मॉडेलच्या रचनेतच दोष असतो. दोन, मॉडेल चांगलं असतं पण आपल्या वाट्याला आलेली एखादी गाडी सदोष निघते. तीन, वापर किंवा दुरुस्ती चुकीची असते. कंपनी बदलण्याचा फायदा पहिल्या कारणात होतो, दुसऱ्यात कधी होतो, आणि तिसऱ्यात अजिबात होत नाही. नवी गाडीही त्याच रस्त्यावर, त्याच सवयीने चालणार आणि त्याच मिस्त्रीकडे जाणार.

एक उदाहरण घ्या. 1 एप्रिल 2020 पासून देशात बीएस-6 गाड्याच विकल्या जातात. त्यातल्या डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या मार्गात काजळी अडवणारी एक जाळी असते. ती काजळी जाळून टाकायला गाडी अधूनमधून पंधरा-वीस मिनिटं सलग, बऱ्यापैकी वेगाने चालावी लागते. गाडी रोज घर ते मोंढा, मोंढा ते शाळा एवढीच फिरली तर जाळी भरते, डॅशबोर्डवर दिवा लागतो, पिकअप जातो. मालक म्हणतो कंपनी बेकार. पण दुसऱ्या कंपनीची डिझेल गाडी घेतली तरी तोच दिवा लागणार. रोजचा फेरा छोटा असेल तर पेट्रोल किंवा सीएनजी गाडी बरी, हा त्यावरचा खरा उपाय.

दुसरं उदाहरण इथेनॉलचं. आता पंपावर 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा उष्णता कमी असते, त्यामुळे मायलेज थोडं घटतं. जुन्या गाड्यांच्या इंधन मार्गातले रबरी पाइप आणि सील या मिश्रणासाठी बनवलेले नसतात, ते लवकर खराब होऊ शकतात. हा त्रास कोणत्याही कंपनीच्या जुन्या गाडीला होऊ शकतो.

आपल्या भागाची धूळही लक्षात घ्या. कापसाच्या हंगामात काळ्या मातीच्या रस्त्यावरून फिरणाऱ्या गाडीचा एअर फिल्टर पुस्तकात लिहिलेल्या मुदतीच्या आधीच पाहावा लागतो. फिल्टर तुंबला की डिझेल जास्त लागतं, धूर येतो आणि बोल कंपनीला लागतो.

बाहेर नाव वेगळं, आत यंत्र तेच

पुष्कळांना माहीत नसतं की वेगवेगळ्या नावांच्या गाड्यांत आतून एकच यंत्र असू शकतं. पुण्याजवळच्या रांजणगावच्या कारखान्यात बनलेलं फियाटचं 1.3 लिटर डिझेल इंजिन फियाटच्या गाड्यांत होतं आणि टाटाच्याही. त्याच जातीचं इंजिन मारुती आपल्या स्विफ्टमध्ये बसवत होती. मारुतीची बलेनो आणि टोयोटाची ग्लान्झा, रेनॉची डस्टर आणि निसानची टेरानो या जोड्याही आतून जवळपास सारख्याच. म्हणजे एका जोडीतली गाडी विकून दुसरी घेतली तर समोरचा बिल्ला बदलतो, पार्ट तेच राहतात. गाडी बदलण्याआधी एवढी चौकशी जरूर करावी.

लोकांनी याआधी कंपनी का बदलली?

कंपनी बदलणं चुकीचंच, असं मात्र नाही. कधीकाळी आपल्या देशात चारचाकी म्हणजे कुर्ल्यात बनणारी प्रीमियर पद्मिनी नाहीतर बंगालच्या उत्तरपाड्याची ॲम्बेसेडर. निवडच नव्हती, म्हणून दुरुस्ती हा गाडीचा भागच मानला जायचा. डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 आली. चावी फिरवली की चालू होणारी, कमी पेट्रोल पिणारी गाडी लोकांना मिळाली आणि पुढच्या काही वर्षांत मध्यमवर्ग तिकडे वळला. ॲम्बेसेडरचा कारखाना मे 2014 मध्ये बंद पडला. तो बदल फॅशनपायी झाला नव्हता, त्यामागे भरवसा होता.

दुसरा धडा अलीकडचा आहे. टवेरा, बीट, स्पार्क या शेवरले गाड्या मराठवाड्यातही फिरत होत्या. जनरल मोटर्सने 2017 च्या अखेरीस भारतात विक्री थांबवली आणि डिसेंबर 2020 मध्ये तळेगावचा कारखानाही बंद केला. फोर्डने 9 सप्टेंबर 2021 रोजी इथलं उत्पादन बंद करण्याची घोषणा केली. या गाड्यांत वाईट असं काही नसेलही, पण कंपनी गेली की शोरूम कमी होतात, पार्टसाठी थांबावं लागतं आणि जुन्या गाडीचा भाव उतरतो. म्हणून आपल्यासारख्या तालुक्याच्या गावात कोणती कंपनी उत्तम हे विचारण्याआधी परभणी-जालन्यात कुणाचं सर्व्हिस सेंटर आहे आणि आपल्या मिस्त्रीला कोणतं इंजिन उघडता येतं, हे विचारायला हवं.

कागद घ्या आणि हिशेब मांडा

आम्ही वर्गात मुलांना सांगतो की अंदाजाने उत्तर काढू नका, मांडणी करा. इथेही तेच. समजा तुमच्या गाडीला आज 2.5 लाख येतात आणि वर्षाला 45 हजार दुरुस्तीला जातात. बदली गाडी 4.5 लाखांची आहे. फरक 2 लाखांचा. त्यात नावावर करणं आणि विमा 15 हजार, टायर-बॅटरी-पहिली सर्व्हिस 20 हजार धरा. खिशातून गेले 2.35 लाख. नवी आलेली गाडी वर्षाला 15 हजारच खाते असं धरलं तरी बचत 30 हजारांची. म्हणजे गेलेले पैसे भरून यायला जवळजवळ आठ वर्षं! शिवाय कर्ज काढलं तर सूद वेगळंच.

मग बदलायची कधी? आमच्या मते तीन वेळा. इंजिन किंवा गिअरबॉक्सचं एकच काम गाडीच्या आजच्या किमतीच्या निम्म्याच्या आसपास जात असेल तेव्हा. पार्ट मिळेनासे झाले तेव्हा. आणि ब्रेक, स्टिअरिंग यासारखा जिवाशी संबंधित दोष दुरुस्त करूनही पुन्हा येत असेल तेव्हा. या तिसऱ्या वेळी पैशांचा हिशेब बाजूला ठेवायचा. रात्री बाळंतिणीला घेऊन निघालेली गाडी पोहोचलीच पाहिजे. पण एसी कमी लागतो, काच वर होत नाही, एवढ्यासाठी दोन लाख घालणं ही फिजूलखर्चीच.

गाडी नवी असेल तर आधी हक्क वापरा

वॉरंटीतली गाडी बिघडते म्हणून तोट्यात विकून टाकणारे लोक आम्ही पाहिले आहेत. घाई करू नका. अमेरिकेतल्या राज्यांत सदोष नव्या गाड्यांसाठी खास कायदे आहेत. आपल्याकडे तसा वेगळा कायदा नाही, पण ग्राहक संरक्षण कायदा 2019 आहे आणि तो 20 जुलै 2020 पासून लागू आहे.

यात सगळ्यात मोलाचा कागद म्हणजे जॉब कार्ड. गाडी वर्कशॉपला दिली की तक्रार आपल्या शब्दांत लिहून घ्या, तारीख आणि किलोमीटर पाहा, प्रत जवळ ठेवा. एकच तक्रार चार जॉब कार्डांवर असली की तो पुरावा होतो. "साहेब, तोंडी सांगितलं होतं" याला तिथे किंमत नाही. त्यानंतर डीलर आणि कंपनी दोघांना लेखी कळवा. दाद मिळाली नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.

तरीही काम झालं नाही तर परभणीच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. मोजलेली किंमत 50 लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगाकडेच चालतं. गाडी औरंगाबादहून घेतलेली असली तरी तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करण्याची सोय नव्या कायद्यात आहे. फी 5 लाखांपर्यंत काही नाही, 5 ते 10 लाखांना 200 रुपये, 10 ते 20 लाखांना 400 रुपये. वकील लावलाच पाहिजे असं नाही, ऑनलाइनही अर्ज करता येतो. मुदत मात्र तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची, ती चुकवू नका. पोटापाण्यासाठी स्वतः टॅक्सी चालवणारा भाऊही या कायद्याने ग्राहकच ठरतो.

दोन निकाल ध्यानात ठेवा. 2006 मध्ये मारुतीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की वॉरंटीत सदोष भाग बदलून देण्याचीच अट असेल तर अख्खी गाडी बदलून देण्याचा आदेश योग्य नाही. 2021 मध्ये गोव्यातल्या एका प्रकरणात डीलरने जुन्या वर्षाची गाडी ग्राहकाला दिली होती. तिथे टाटा मोटर्सला डीलरच्या कृत्याची माहिती होती असं सिद्ध झालं नाही, म्हणून न्यायालयाने कंपनीला जबाबदार धरलं नाही. अर्थ असा की कारखान्यातला दोष सांगायचा असेल तर तज्ज्ञाचा तपासणी अहवाल हवा, आणि कुणी काय केलं हे तक्रारीत वेगवेगळं लिहायला हवं.

आणखी एक गोष्ट म्हणजे रिकॉल. कधी कंपनी स्वतःच सदोष पार्ट मोफत बदलून देते. जुलै 2020 मध्ये मारुतीने फ्युएल पंपाच्या संशयावरून 1,34,885 वॅगन आर आणि बलेनो परत बोलावल्या होत्या. कंपनीच्या वेबसाइटवर चेसिस नंबर टाकून आपली गाडी यादीत आहे का ते पाहता येतं. सेकंडहँड गाडीच्या मालकालाही हा लाभ मिळतो, पण निरोप जुन्या मालकाच्या पत्त्यावर जातो, म्हणून स्वतःच तपासावं.

विकताना ऐब लपवू नका

आता थोडं कडू बोलतो. गाडी त्रास देते म्हणून आपण विकतो, आणि घेणाऱ्याला म्हणतो, "एकदम ओके आहे भाई, फक्त पेट्रोल टाका." सहीह मुस्लिममध्ये हजरत अबू हुरैरा (रजि.) यांची रिवायत आहे. नबी करीम (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, आत ओल लागली. ओला भाग लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाही, असं त्यांनी विचारलं आणि फसवणुकीचा सक्त निषेध केला. फिकहमध्ये लपवलेला ऐब निघाला तर माल परत करण्याचा हक्क खरेदीदाराला दिलेला आहे. गाडीचा गिअरबॉक्स आवाज करतो हे सांगितलं तर दहा-वीस हजार कमी येतील. न सांगता विकली तर तीच गाडी कुणा गरिबाच्या मुलांना घेऊन रस्त्यात उभी राहील. बरकत कशात आहे हे सांगायला नको.

दुनियेच्या कायद्याचंही पाहा. विकल्यावर 14 दिवसांत आरटीओला कळवणं ही विकणाऱ्याची जबाबदारी आहे. फॉर्म 29 आणि 30 भरून गाडी नावावरून उतरवा. नाहीतर उद्या अपघात झाला तर नोटीस तुमच्या दारी येईल.

घेताना एवढं पाहाच

सेकंडहँड गाडी घेताना अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये नंबर देऊन सर्व्हिसची नोंद मागा. मीटरवरचे किलोमीटर त्या नोंदीशी जुळतात का पाहा. इंजिन पूर्ण थंड असताना सुरू करून बघा, आधीच गरम करून ठेवलेली गाडी दोष लपवते. बँकेचा बोजा असेल तर एनओसी आणि फॉर्म 35 हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. आपला मिस्त्री सोबत न्या, त्याला पाचशे-हजार द्या, पण मशवरा त्याचा घ्या. विकणाऱ्याच्या ओळखीतल्या मिस्त्रीचा नको. आणि 22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या नव्या गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला आहे, त्यामुळे जुन्या गाडीचा भाव करताना नव्या गाडीची आजची किंमत आधी विचारून घ्या.

हे सगळं पाहिल्यावरही गाडी बदलायचीच ठरली तर जरूर बदला. फक्त त्याआधी घरातल्या बायकांनाही मशवऱ्यात घ्या. गाडी कधी, कुठे, कुणासाठी लागते हे त्यांना नीट ठाऊक असतं, आणि भिशीचे हप्तेही बहुतेक वेळा त्याच सांभाळतात.