ओल्या अंगाला वारा

‘ओल्या अंगानं वाऱ्यात उभा राहू नकोस’ हे आईचं वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. फेब्रुवारीत नेदरलँड्समधल्या ब्राउवर्सडॅमच्या किनाऱ्यावर काइटसर्फिंग शिकायला उतरणारा नवशिका मात्र नेमकं तेच करतो. उत्तर समुद्राचं पाणी जेमतेम पाच-सहा अंशांचं, आणि वारा तर हवाच. त्याशिवाय पतंग उडणार कसा? अशा वेळी पतंगाच्या आधी अंगावर काय चढवायचं ते ठरवावं लागतं.

पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगानं अंगातली उष्णता ओढून घेतं. वेटसूटमध्ये शिरलेलं पाणी तापतं आणि तेच ऊब देतं, असा सार्वत्रिक समज आहे. खरी ऊब राखतात ते निओप्रीनच्या रबरात अडकलेले वायूचे बारीक बुडबुडे. मॅनहॅटन प्रकल्पात काम केलेले अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर यांनी १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला हे ओळखलं: ऊब टिकवायला अंग कोरडं असायलाच हवं असं नाही. मात्र आत शिरलेलं पाणी तिथंच राहायला हवं. नवशिका दर दोन मिनिटांनी पडतो. सूट ढगळ असेल तर प्रत्येक पडण्याबरोबर थंडगार पाणी आत येतं आणि शरीर ते नव्यानं तापवत बसतं. म्हणून दुकानात सूट घालून कमरेच्या खोलगट भागात, काखेत आणि गुडघ्यामागे पोकळी राहते का, ते चाचपून पाहावं. कोरड्यावर तो घट्टच वाटतो. पूर्ण श्वास घेता आला आणि हात डोक्यावर गेले, की झालं.

सुटावर ५/४ लिहिलेलं असलं, तर छाती-पाठीला पाच मिलिमीटर आणि हातापायांना चार. एवढ्या थंडीत हे किमान. ६/५ आणि डोक्याला हूड असेल तर उत्तम.

पण जाडीइतकंच महत्त्व बाहेरच्या पृष्ठभागाला आहे. कापडी अस्तर पाणी धरून ठेवतं आणि वारा ते सुकवत राहतो. आपला माठ पाणी गार करतो तो असाच! इथे माठाच्या जागी आपण असतो, इतकंच. छाती-पाठीवर गुळगुळीत, चकचकीत रबर असेल तर पाणी निथळून जातं. नखानं ते पटकन फाटतं, म्हणून सूट चढवताना चिमटीत न धरता बोटांच्या पेरांनी वर सरकवावा.

ड्रायसूटचा मोह होतोच. मनगट-मानेला घट्ट रबरी पट्ट्या, आत पाण्याचा थेंब नाही. बहुतेक ड्रायसूटचं कापड पातळ असतं; ऊब आतल्या फ्लीसची. पाण्यात शिरण्याआधी उकिडवं बसून, मानेची पट्टी जरा ओढून आतली हवा काढावी लागते. फाटला तर आतला फ्लीस भिजतो आणि ऊब संपते. पतंगाच्या ओढीनं पाण्यातून घसटत जाणं हाच पहिले काही दिवस उद्योग असतो, त्यामुळे नवशिक्यानं मी म्हणेन जाड वेटसूटच घ्यावा.

हातमोज्यांचं गणित मात्र उलटं. जाड मोज्यात पतंगाचा दांडा धरायला जोर लागतो आणि कोपरापुढचे स्नायू भरून येतात. मोजे पातळ घेतले तर बोटं बधिर होतात. घ्यायच्या आधी एक गोष्ट करून पाहावी: मोजे घालून, ओल्या हातानं, न बघता पतंग सोडवण्याची कळ पुढे ढकलायची. ती पहिल्या झटक्यात सुटली नाही, तर ते मोजे परत ठेवावेत.