लाईन गेली तरी डाव मोडू नये!

मागच्या मे महिन्यातील रविवारची दुपार. आमच्या दोन खोल्यांच्या घरात वस्तीतील पाच-सहा पोट्टे टीव्हीपुढे दाटीवाटीने बसले होते. व्हिडिओ गेमचा डाव ऐन रंगात आला आणि लाईन गेली. पंखा थांबला, टीव्ही बंद झाला. मुलगा रडवेला होऊन म्हणाला, "बाबा, सारं गेलं ना! दोन घंट्याचा खेळ गेला. आता पुन्हा पहिल्यापासून खेळा लागते!"

मला आधी हसू आले. मग मनात आले, ही यंत्रे बनविणाऱ्यांनी यवतमाळातील एखादे घर कधी पाहिले असेल काय?

टीव्हीला जोडून खेळण्याच्या या यंत्राला कन्सोल म्हणतात. जपानच्या निन्टेन्डो कंपनीचे 'फॅमिकॉम' १९८३ साली निघाले. नव्वदच्या दशकात आपल्याकडे आले ते बहुतेक त्याच्या नकला. आम्ही त्यातल्या खेळाच्या डबीला 'कॅसेट' म्हणायचो. कॅसेट एकाची, यंत्र दुसऱ्याचे, टीव्ही तिसऱ्याचा, आणि खेळणारी सारी गल्ली! आज सोनीचे प्लेस्टेशन, मायक्रोसॉफ्टचे एक्सबॉक्स आणि निन्टेन्डोचे स्विच ही तीन नावे मोठी आहेत. प्लेस्टेशन ५ भारतात फेब्रुवारी २०२१ मध्ये आले तेव्हा डिस्क लावता येणाऱ्या यंत्राची किंमत होती ४९,९९० रुपये. आपल्या श्रमिक घरात एवढी रक्कम येते ती मुलीच्या शिक्षणासाठी किंवा घरावरच्या टिनांसाठी. म्हणून आमच्याकडे आहे ते पुण्याला नोकरी करणाऱ्या भाच्याने वापरून दिलेले जुने यंत्र.

पुढच्या पिढीच्या यंत्रांची तयारी चालू असल्याचे सोनी आणि मायक्रोसॉफ्ट या दोघांनीही २०२५ मध्ये सांगितले. बोलणे होते ते अधिक सुंदर चित्राचे आणि अधिक वेगाचे. आमच्या पोरांना काय पाहिजे? मी त्यांच्यापुढे एक वही ठेवली आणि म्हटले, "लिहा तक्रारी." वहीत जे उतरले ते वाचण्यासारखे आहे.

ऊन, धूळ आणि वीज

पहिली तक्रार उन्हाची. प्लेस्टेशन ५ च्या माहितीपत्रकात यंत्र ५ ते ३५ अंश तापमानात वापरावे असे सांगितले आहे. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळीसच्या वर असतो. म्हणजे शाळेला सुटी लागते तेव्हाच यंत्रालाही सुटी द्यावी काय? त्यात आपला जिल्हा कापसाचा. जिनिंगच्या आसपास राहणाऱ्यांना विचारा, कापसाचा बारीक तंतू कुठे कुठे शिरतो ते! प्लेस्टेशन ५ ची बाजूची झाकणे हाताने काढून आत साठलेली धूळ ओढून काढता येते. ही सुरुवात चांगली आहे. पण ऊन सोसणारे यंत्र अजून यायचे आहे.

दुसरी तक्रार विजेची. ही गोष्ट अशक्य नाही. २०१७ साली आलेल्या निन्टेन्डो स्विचच्या पोटातच बॅटरी आणि छोटा पडदा आहे. टीव्ही बंद पडला तरी यंत्र हातात घेऊन खेळ पुढे चालू ठेवता येतो. मोठ्या यंत्रात निदान डाव जपून ठेवण्यापुरती, दोन मिनिटांची बॅटरी बसवायला काय हरकत आहे?

तिसरी तक्रार रिमोटच्या काडीची. काही महिन्यांत काडी बिघडते आणि हात न लावता खेळातला माणूस आपोआप चालू लागतो. कारण सोपे आहे. जुन्या रेडिओचे आवाजाचे बटण झिजले की खरखर होई, तसाच घासणारा भाग या काडीखाली असतो. लोहचुंबकाच्या साहाय्याने चालणाऱ्या काडीत ही झीज होत नाही. सेगा कंपनीने १९९८ च्या 'ड्रीमकास्ट'मध्ये तशी काडी दिली होती. सोनीने २०२३ मध्ये काढलेल्या महागड्या रिमोटमध्ये बिघडलेली काडी घरीच बदलता येते. मग ही सोय साध्या रिमोटमध्ये का नको? श्रीमंताची काडी बदलावी आणि गरिबाने रिमोट फेकून द्यावा, हा कुठला न्याय?

उसनी देता येते ती वस्तू आपली

चौथी मागणी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. पोरांनी लिहिले, 'डिस्क बंद करू नका.' आमच्या वस्तीत चार घरची मुले पैसे जमवून एक डिस्क घेतात. ती घरोघर फिरते आणि मन भरले की विकून दुसरी येते. बिनडिस्कच्या यंत्रात खेळ इंटरनेटवरून उतरवावा लागतो. काही खेळ शंभर जीबीच्याही वर जातात. मोबाईलच्या रिचार्जवर एवढा खेळ उतरवायचा म्हणजे घरच्यांनी फोन बाजूलाच ठेवायचा! शिवाय तो खेळ ना शेजाऱ्याला देता येतो, ना विकता येतो. आणि वारे वाहते आहे ते याच दिशेने. २०२४ च्या प्लेस्टेशन ५ प्रो मध्ये डिस्कची सोय वेगळे पैसे मोजून घ्यावी लागते.

पण आपण बोलून काय होणार, असे म्हणू नका. २०१३ च्या मे महिन्यात मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वन जाहीर केले. वापरलेली डिस्क दुसऱ्याला देण्या-विकण्यावर बंधने होती आणि दर चोवीस तासांनी यंत्र इंटरनेटला जोडणे सक्तीचे होते. जगभरच्या खेळणाऱ्यांनी एकच ओरड केली. महिनाभरातच, यंत्र दुकानात येण्यापूर्वीच, कंपनीने ही बंधने मागे घेतली. मागणाऱ्यांनी एकत्र येऊन मागितले, म्हणून मिळाले.

पाचवी मागणी भाषेची. प्लेस्टेशन ५ च्या भाषांच्या यादीत मराठी नाही. आमच्याकडे पोरे खुणा पाहून अंदाजाने बटणे दाबतात. इंग्रजी येणाऱ्या एकाच मुलाच्या हाती मग सारी सत्ता जाते.

वही मिटणार तोच माझी धाकटी मुलगी पुढे आली. इतका वेळ ती मागे भिंतीला टेकून नुसती पाहत होती. ती म्हणाली, "बाबा, माहं बी लिहा. मले पाळी पाहिजे. दादा रिमोट सोडतच नाही."

सारी पोरे गप्प झाली. मीही. यंत्र घरात आले त्याला दोन वर्षे झाली होती. मुलींना खेळायला मिळते की नाही, हे मी एकदाही पाहिले नव्हते. दुसऱ्याकडे न्याय मागणाऱ्या बापाच्या घरातच हा हिशेब चुकला होता.

बाकीच्या मागण्या कंपन्यांनी ऐकायच्या आहेत. त्या आम्ही इंग्रजीत करून तिन्ही कंपन्यांना पाठविणार आहोत. वाचकांनीही आपल्या मुलांना विचारून लिहावे. ही एक मागणी मात्र कुठेही पाठवायची नव्हती. त्याच संध्याकाळी भिंतीवर कागद चिकटविला. अभ्यास झाल्यावर प्रत्येकाला अर्धा तास, आणि पहिले नाव धाकटीचे.