परक्या रुळांवरची आगगाडी

मेलला वाट देण्यासाठी मालगाडी लूप लाइनवर ताटकळत उभी आहे, हे दृश्य आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिलेले आहे. त्यात कोणाला काही नवल वाटत नाही. कॅनडात मात्र हा क्रम पुष्कळदा उलटा असतो. मालगाडी दिमाखाने पुढे निघून जाते आणि माणसांनी भरलेली गाडी भर अरण्यात बाजूच्या रुळावर तिष्ठत राहते. आमच्या वाचकांपैकी कित्येकांची मुले आज टोरांटो, ब्रॅम्प्टन, व्हँकुव्हर या भागांत संसार थाटून बसली आहेत. त्यांना भेटून आलेली मंडळी तेथील रस्त्यांची, मॉल्सची वर्णने करतात. आगगाडीचा विषय निघाला की गप्प होतात. एवढ्या संपन्न देशात असे का व्हावे, याचा आम्ही शोध घेतला, तेव्हा सारे कोडे एका साध्या प्रश्नापाशी येऊन थांबले : रूळ कोणाचे?

गंमत अशी की हा देशच मुळी आगगाडीने सांधलेला आहे. 1871 साली ब्रिटिश कोलंबिया प्रांत कॅनडात सामील झाला तो दहा वर्षांत लोहमार्ग पोहोचवू, या वचनावर. वचनाला चार वर्षे उशीर झाला. 7 नोव्हेंबर 1885 रोजी क्रेगेलाकी येथे डोनाल्ड स्मिथ यांनी शेवटचा खिळा ठोकला आणि कॅनेडियन पॅसिफिकचा मार्ग पुरा झाला. पर्वत फोडण्याचे जीवघेणे काम हजारो चिनी मजुरांनी केले होते. त्याच 1885 साली कॅनडाने चिनी आगंतुकांवर डोईपट्टी बसवली, हेही येथे नमूद करून ठेवू.

पुढे डबघाईला आलेल्या इतर रेल्वे एकत्र करून सरकारने कॅनेडियन नॅशनल उभी केली. दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारी आणि विमाने आली, उतारू आटले, आणि दोन्ही कंपन्यांना उतारूंची वाहतूक हे लोढणे वाटू लागले. ते उतरवून घेण्यासाठी 1977 मध्ये व्हिया रेल जन्माला आली आणि 1978 मध्ये ती स्वतंत्र सरकारी कंपनी झाली. या कंपनीकडे डबे आले, इंजिने आली. रूळ मात्र जुन्या धन्यांकडेच राहिले. 1995 साली सरकारने कॅनेडियन नॅशनलही विकून टाकली. आज व्हियाच्या गाड्या ज्या मार्गांवरून धावतात त्यांतले शेकडा तीनच्या आसपास रूळ तिच्या मालकीचे आहेत. घर भाड्याचे, आणि घरमालकाचा धंदा निराळाच, अशी ही अवस्था होय.

तिच्यामागे संसदेचा स्वतंत्र कायदाही नाही. म्हणूनच 15 जानेवारी 1990 रोजी मंत्रिमंडळाच्या निर्णयाने तिच्या जवळजवळ निम्म्या गाड्या बंद होऊ शकल्या. कॅलगरीसारखे, आज दहा लाखांहून अधिक वस्तीचे शहर त्या दिवसापासून व्हियाच्या नकाशावरून पुसले गेले. त्याच दिवशी 'कॅनेडियन' या नामांकित गाडीचा दक्षिणेकडील जुना मार्गही सुटला. 1955 मध्ये झळाळत्या पोलादी डब्यांसह सुरू झालेली ही गाडी तेव्हा तीन दिवसांत देश ओलांडत असे. आज टोरांटो ते व्हँकुव्हर या सुमारे 4,466 किलोमीटरांना तिला चार रात्री लागतात, तीही आठवड्यातून दोनदाच सुटते. डबे बहुतांशी तेच आहेत. वेळ वाढला तो वाट पाहण्याचा. पश्चिमेकडील मार्ग बराचसा एकेरी आहे; मालगाड्या तीन-तीन किलोमीटर लांबीच्या झाल्या आहेत; आणि बाजूच्या लूप लाइनी पुष्कळ ठिकाणी तेवढ्या लांब नाहीत. लूपवर मावते कोण? उतारूंची गाडी. मग उभी राहते तीच. अमेरिकेत 1973 पासून उतारूंच्या गाडीला आधी वाट देण्याचा कायदा तरी आहे, मग तो पाळला जावो अथवा न जावो. कॅनडात तसा कायदाच नाही.

भाडेकरूच्या नशिबी आणखी काय येते याचा मासला 2024 मध्ये दिसला. व्हियाने क्वेबेक ते विंडसर या गजबजलेल्या पट्ट्यासाठी नवीन गाड्या घेतल्या होत्या : एक इंजिन, पाच डबे, म्हणजे चाकांच्या 24 जोड्या. चाके रुळांवर आली की विजेचे मंडल जुळते आणि त्यावरून फाटक पडते. इतक्या थोड्या चाकांनी ते खात्रीने पडेल असे नाही, 32 जोड्या हव्यात, असे रुळांच्या मालकाने ऑक्टोबरात कळवले. झाले! कोऱ्या करकरीत गाड्या फाटकाफाटकापाशी वेग कमी करू लागल्या, प्रवास लांबले आणि तंटा न्यायालयात गेला. सुरक्षिततेच्या बाबतीत कोणाचे चूक हे ठरवण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु रूळ आणि गाडी एकाच घरची असती तर ही गोष्ट खरेदीपूर्वीच बोलली गेली असती, असे आम्हांला वाटते.

चर्चिलची कथा मात्र याहून निकराची आहे. हडसन उपसागराच्या काठचे हे गाव. तेथवर रस्ता पोहोचतच नाही. विनिपेगहून येणारी गाडी हीच त्याची जीवनवाहिनी. 1997 पासून तो मार्ग एका अमेरिकन कंपनीच्या मालकीचा होता. मे 2017 मध्ये पुराने तो ठिकठिकाणी वाहून गेला, आणि कंपनीने दुरुस्तीचा खर्च करण्यास नकार दिला. दीड वर्ष माणसे विमानाने आणि सामानही बव्हंशी विमानाने; दुधाच्या पिशवीपासून सिमेंटपर्यंत सर्व महागले. अखेर 2018 मध्ये तेथील आदिवासी समाज आणि गावे यांच्या सहभागाने नवी कंपनी उभी राहिली, तिने मार्ग विकत घेतला, आणि काही आठवड्यांतच दुरुस्ती उरकली. त्या डिसेंबरात उतारूंची गाडी पुन्हा चर्चिलला लागली.

टोरांटोच्या आसपास धावणाऱ्या गो ट्रान्झिटने हा धडा आधीच घेतला. 1967 मध्ये एका मार्गावर सुरू झालेल्या या सेवेच्या चालकांनी पुढे बहुतेक रूळ विकत घेतले, आणि जेथे ते घेतले तेथे गाड्या वाढल्या. ब्रॅम्प्टनच्या बाजूला ब्रॅमली ते जॉर्जटाउन हा तुकडा अजून मालगाड्यांच्या धन्याकडे आहे. तेथे राहणारी आपली मुले गाड्या कमी असल्याची कुरकुर करतात, तिचे मूळ बरेचसे या तुकड्यात आहे.

फेब्रुवारी 2025 मध्ये टोरांटो ते क्वेबेक शहर असा सुमारे 1,000 किलोमीटरांचा, ताशी 300 किलोमीटर वेगाचा 'आल्टो' मार्ग सरकारने जाहीर केला. त्याचे रूळ उतारूंसाठीच असतील. केवळ आखणी आणि पूर्वतयारीसाठीच सहा वर्षांत 3.9 अब्ज डॉलरांची तरतूद झाली. घोषणेत सात शहरांची नावे होती. त्यांत किंग्स्टन नव्हते. टोरांटो आणि माँट्रियल यांच्या मध्यावरील हे जुने विद्यापीठनगर, आणि त्याच्या आगेमागे असलेली कोबर्ग, ब्रॉकव्हिल यांसारखी गावे, जुन्याच मार्गावर आहेत. तेथल्या फलाटांवर गाडीची वाट पाहणाऱ्यांपुढून मालगाड्या जातच राहतील.