टर्बोची जुनी गाडी घेताना मीटर नंतर बघा, आधी तेलाचं विचारा

गेल्या महिन्यात चिंचणीहून आतेभावाचा फोन आला. तारापूर एमआयडीसीत शिफ्टला जायला त्याला जुनी डिझेल गाडी घ्यायची होती. दोन गाड्या बघून ठेवलेल्या, दोन्ही 2015 च्या स्विफ्ट. एक 46 हजार किलोमीटर चाललेली, दुसरी 1 लाख 38 हजार. पहिली साहजिकच महाग. पैसे म्हणजे त्याची दोन वर्षांची बचत आणि आत्याने उचललेली भिशी. ‘‘अरे, तू इंजिनावरच पीएचडी करतोयस ना? सांग कुठली घेऊ.’’

मी इंजिनावर नाही, बेअरिंगमधल्या तेलाच्या थरावर काम करतो. घरात हा फरक कुणालाच पटत नाही. पण या प्रश्नात तो फरक फारसा उरतही नाही.

दोन्हींत 1248 सीसीचं, मुळात फियाटचं मल्टिजेट इंजिन. मारुती, टाटा, फियाट तिघांच्याही गाड्यांत ते आलं. एप्रिल 2020 मध्ये बीएस-6 लागू झालं आणि मारुतीने डिझेल गाड्या बंद केल्या, म्हणजे आता हे इंजिन हवं तर जुनंच घ्यावं लागणार.

टर्बोत एका दांड्याच्या दोन टोकांना दोन पंखे असतात. सायलेन्सरकडे निघालेला गरम धूर एक पंखा फिरवतो, दुसरा पंखा इंजिनात हवा कोंबतो. इंजिन मिनिटाला दोन-तीन हजार फेरे घेत असताना हा दांडा लाखावर फेरे घेतो! बहुतेक टर्बोंत त्याला बॉल बेअरिंग नसतं. दांडा तेलावर तरंगतो. पावसाळ्यात जोरात जाणाऱ्या गाडीचा टायर रस्त्यावरच्या पाण्यावर चढतो ना, तसंच. वेगच तेलाला फटीत ओढतो आणि दांडा उचलला जातो. फट मिलिमीटरच्या काही शतांश भागाएवढी. तेल ताजं, स्वच्छ असेल तर धातूला धातू जवळजवळ लागतच नाही, मग झीज कशाची होणार?

झीज होते ती तेल बिघडल्यावर. जुन्या तेलात काजळी साचते. लांबचा घाट चढून आल्या आल्या गाडी बंद केली तर तेलाचा प्रवाह थांबतो, टर्बो मात्र तापलेलाच असतो आणि आतलं तेल करपून त्याचा कोळसा होतो. आणि सगळ्यात कमी बोललं जाणारं कारण म्हणजे छोट्या फेऱ्या. डिझेल इंजिन हळू तापतं. ते पुरतं तापायच्या आतच गाडी बंद होत राहिली, तर तेलात उतरलेलं पाणी आणि न जळलेलं इंधन उडून जात नाही.

आता त्या 46 हजारवालीकडे बघा. मालकाने कौतुकाने सांगितलं, ‘‘फक्त वाणगाव स्टेशनला सोडा-आणायला वापरली. तेल बरोब्बर दहा हजाराला बदलतो.’’ वर्षाला पाच हजार किलोमीटर धरले, तर एकच तेल दोन वर्षं! खरा नियम किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते, असा असतो. शिवाय गाडी किनाऱ्याजवळ उघड्यावर उभी, खालच्या बाजूचे नट-बोल्ट खाऱ्या हवेने खाल्लेले. दुसरी गाडी मनोर ते सुरत हायवेवर पळालेली आणि तिच्या फाइलमध्ये तेल बदलल्याची अकरा बिलं, तारखांसकट.

मी दुसरीकडे झुकलो. पण बिलांवर विसंबून कोणी गाडी घेऊ नये, म्हणून त्याला म्हटलं, सकाळी जा आणि मालकाला सांग की मी येईपर्यंत चावी लावू नका. बॉनेटला हात लावून बघ, गरम असेल तर काहीतरी लपवलं जातंय. थंड इंजिन चालू होताना चेनचा खडखडाट ऐक. मग पाच मिनिटं नुसती चालू ठेव आणि एकदम अॅक्सिलरेटर दे. निळा धूर म्हणजे तेल जळतंय, टर्बोचं सील किंवा पिस्टन रिंग. काळा धूर म्हणजे हवा कमी पडतेय, बऱ्याचदा फाटका पाइप, स्वस्त काम. रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये दोन हजारांच्या खाली गाडी झोपलेली वाटेल. तो या इंजिनाचा स्वभाव आहे, दोष नव्हे. त्यापुढे मात्र ओढ लागलीच पाहिजे, आणि सायरनसारखी शिट्टी नको.

मेकॅनिककडून टर्बोचा हवेकडचा पाइप काढून घ्यायचा. आत तेलाचा पुसट थर चालतो, थारोळं नाही. दांडा आडवा किंचित हलला तर घाबरायचं कारण नाही, कारण तेलासाठी तेवढी फट ठेवलेलीच असते. आत-बाहेर सरकला तर सरळ नमस्कार करून निघायचं.

(एर्टिगा, ब्रेझातलं 90 हॉर्सपॉवरचं हेच इंजिन घेत असाल तर त्यात टर्बोच्या हलत्या पाती असतात आणि काजळीने त्या अडकू शकतात. त्यांच्या बाबतीत स्कॅनर लावून मागितलेला आणि मिळालेला हवेचा दाब जुळतो का, तेही बघा.)

पहिल्या गाडीने निळा धूर सोडला. दुसरीचा क्लच जड निघाला, त्याचे पैसे किमतीतून कापून घेतले. घेतल्या दिवशीच तेल आणि फिल्टर बदलायला लावलं. जुनं तेल बाटलीत भरून माझ्या लॅबला पाठवतो म्हणालाय, अजून आलेलं नाही.