दाराबाहेरचा रॅपर: छोट्या मंचांची दहा वर्षं

२०१४च्या पावसाळ्यातली गोष्ट. लोअर परळच्या एका बारमध्ये रात्री साडेनऊचा रॅपचा शो होता. पोस्टरवर सहा नावं होती, त्यांत चौथं आमच्या मित्राचं. विक्रोळीचा हा मुलगा तेव्हा १९ वर्षांचा होता. दारावरच्या माणसानं ओळखपत्र मागितलं, जन्मसाल पाहिलं आणि त्याला बाजूला उभं केलं. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी २१ वर्षांची अट आहे, कडक मद्यासाठी २५ची. त्यामुळे बारवाले कमी वयाच्या मुलांना आत घ्यायला धजत नाहीत. आयोजकानं बरीच रदबदली केली, तेव्हा तोडगा निघाला: त्याची पाळी आली की आत आणायचं, दोन गाणी म्हणू द्यायची आणि लगेच बाहेर पाठवायचं. तो दीड तास फुटपाथवर छत्री धरून उभा राहिला. आत जाऊन नऊ मिनिटं गायला आणि परत रस्त्यावर आला. त्याच्यासाठी वाजणाऱ्या टाळ्या त्यानं भिंतीच्या पलीकडून ऐकल्या.

मी त्याच्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा. त्याच्या बीट्सचा लॅपटॉप सांभाळण्याचं काम माझ्याकडे होतं, म्हणून मी आत होतो. पुढची दहा वर्षं हे काम मी सोडलं नाही. मुंबईच्या हिप-हॉपचा इतिहास सहसा व्हिडिओंच्या आणि सिनेमाच्या तारखांनी सांगितला जातो. मला तो जागांच्या अंगानं सांगायचा आहे. रॅपर घरात लिहितो, पण घडतो लोकांसमोर. त्याला उभं राहायला जागा कुठे मिळाली, कुणी दिली आणि कुणी हिरावली, यावर त्याचं सगळं पुढचं ठरतं.

या संगीताचा जन्मच मुळी एका खोलीतला आहे. ११ ऑगस्ट १९७३ला न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये, १५२० सेजविक अॅव्हेन्यू या इमारतीच्या सामाईक हॉलमध्ये सिंडी कॅम्पबेल या मुलीनं पार्टी ठेवली. शाळा सुरू होणार होती आणि तिला नव्या कपड्यांसाठी पैसे उभे करायचे होते. मुलींना २५ सेंट, मुलांना ५० सेंट असं तिकीट होतं. रेकॉर्ड लावायला तिचा भाऊ क्लाइव्ह उभा राहिला, तोच डीजे कूल हर्क. जमैकातून आलेल्या या १८ वर्षांच्या मुलाच्या लक्षात आलं होतं, की गाण्यातला ढोल-ताशांसारखा फक्त तालाचा तुकडा आला की नाचणारे पेटून उठतात. पुढे त्यानं एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर लावून तो तुकडा लांबवत नेण्याची रीत बसवली. त्या तालावर माइकवरून नाचणाऱ्यांना हाका घालणारे आले आणि त्या हाकांचंच रॅप झालं. या सगळ्यात दारूचा परवाना कुठेच नव्हता. चाळीच्या गच्चीवर होतो तसा तो घरगुती कार्यक्रम होता.

मुंबईत हे संगीत आधी टीव्हीवरून आणि मग इंटरनेटवरून आलं. २०००नंतरच्या पहिल्या दहा वर्षांत इथली मुलं बहुतेक इंग्रजीत लिहीत आणि ऑर्कुटवर एकमेकांशी लेखी बॅटल करत. समोरासमोर भेटायला लागली ती बागांत, मैदानांच्या कठड्यांवर, स्टेशनबाहेर. गोल उभं राहायचं, एकानं तोंडानं बीट धरायचा, बाकीच्यांनी पाळीपाळीनं ओळी सोडायच्या. याला सायफर म्हणतात. सायफरला परवानगी लागत नाही, माइक लागत नाही आणि वयाची अटही नसते. पोलिसांची गाडी आली की पांगायचं आणि ती गेली की पुन्हा जमायचं. आमचा मित्र याच गोलात शिकला. जीभ अडखळली तरी थांबायचं नाही, दुसऱ्याची ओळ पूर्ण ऐकायची आणि आपली पाळी संपली की मागे सरकायचं, हे तीन धडे त्याला तिथे मिळाले.

खरा मंच मात्र बारमध्ये होता. डिसेंबर २००७मध्ये लोअर परळच्या मथुरादास मिल कंपाउंडमध्ये ब्लू फ्रॉग सुरू झालं. फक्त स्वतःचं संगीत वाजवणाऱ्यांसाठी इतकी चांगली ध्वनियंत्रणा या शहरात त्याआधी क्वचितच होती. २०१६ला ते बंद झालं. मधल्या काळात आजूबाजूला इतर बार उघडले आणि आठवड्यातल्या सुन्या रात्री नव्या पोरांना मिळू लागल्या. त्या कंपाउंडमध्ये पाऊल टाकताना मला दर वेळी गिरणगाव आठवायचं. १९८२च्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले आणि त्यांतले असंख्य पुन्हा कामावर परतलेच नाहीत. त्यांच्या वस्तीत अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकरांच्या लाल बावटा कलापथकानं हजारोंच्या सभा गाजवल्या होत्या. त्या सभांना दार नव्हतं. त्याच कामगारांच्या नातवंडांनी आता रॅप लिहायला घेतलं होतं आणि ते म्हणायला त्यांना गिरणीच्या जागेवरच्या बारचं दार ओलांडावं लागत होतं.

२०१३ ते २०१५ या तीन वर्षांत सगळं पालटलं. अंधेरीच्या जे. बी. नगरचा रॅपर डिव्हाइन इंग्रजी सोडून मुंबईच्या हिंदीत आला. २०१४च्या सुरुवातीला कुर्ल्याच्या नेझीनं आयपॅडवर रेकॉर्ड आणि चित्रित केलेलं ‘आफत’ आलं. २०१५मध्ये दोघांनी मिळून ‘मेरे गली में’ केलं. या गाण्यांची चर्चा पुष्कळ झाली. बारच्या कोपऱ्यातून मला जे दिसलं ते मात्र वेगळं होतं, कारण बदल आधी समोरच्या माणसांत झाला होता. आमचा मित्र इंग्रजीत म्हणायचा तेव्हा लोक मान डोलवायचे, हातातला ग्लास तसाच असायचा. एका रात्री त्यानं मधेच मराठीत आठ ओळी टाकल्या. आईची सकाळची पाळी, सार्वजनिक नळ, पाण्याची वेळ. मागच्या टेबलावर वाढणारा पोऱ्या ट्रे हातात घेऊन जागीच थांबला आणि शेवटच्या शब्दाला ओरडला. बाकीचा बार त्या आवाजानं मंचाकडे वळला. घरी जाताना शेवटच्या लोकलमध्ये मित्रानं वही काढली आणि पुढचं सगळं मराठीत लिहायचं ठरवलं.

त्यानं मराठीत लिहायला घेतलं तेव्हा वाट अगदीच नवी नव्हती. ‘स्वदेसी’ हा मुंबईचा गट हिंदी, मराठी, गुजराती अशा अनेक भाषांत एकाच मंचावर उभा राहत होता. एमसी मवाली, गुजरातीत म्हणणारा एमसी तोडफोड आणि अमरावतीहून आलेला, वऱ्हाडी ठसक्याचा सौरभ अभ्यंकर ही त्यांतली नावं. मृदंगवादक विवेक राजगोपालन यांनी ‘ता धोम’ या प्रकल्पातून या मुलांना कर्नाटक संगीतातलं कोन्नक्कोल, म्हणजे बोलून दाखवायचा ताल, शिकवला. चारच्या चालीवर पाचचे किंवा सातचे बोल बसवून पुन्हा समेवर अचूक येणं हे रॅपरच्या कामाचं शास्त्र आहे. मंचावर ते ऐकताना बोलांची ताकद काय असते ते कळलं.

आपल्याकडे ही विद्या जुनीच आहे. कलगी-तुऱ्याच्या फडात एका बाजूनं कवनातून कोडं घालायचं आणि दुसरीनं तिथल्या तिथे कवनातूनच उत्तर द्यायचं. उत्तर सुचलं नाही तर गावासमोर हार. आंबेडकरी जलशांनी गाण्यातून वस्त्या जाग्या केल्या. ब्रॉन्क्सच्या पोरांना यातलं काही ठाऊक नव्हतं आणि आमच्या पोरांनाही ते शाळेत कुणी शिकवलं नव्हतं. आमच्या मित्रानं एका गणेशोत्सवात चाळीच्या मंचावर म्हटलं तेव्हा एक वृद्ध गिरणी कामगार कार्यक्रमानंतर त्याला भेटायला आले. त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचला पाहिजे, नाहीतर नुसता गोंगाट होतो. आम्हाला मिळालेली ती सर्वांत चांगली समीक्षा होती.

त्यांचं म्हणणं तांत्रिकदृष्ट्याही बरोबर होतं. नवा रॅपर माइकची जाळी मुठीत आवळतो, कारण व्हिडिओत तसं दिसतं. त्यानं आवाज घुसमटतो आणि स्पीकर शिट्टी मारतो. घरी गाणं तुकड्यातुकड्यांनी रेकॉर्ड केलेलं असतं, म्हणून मंचावर सोळा ओळी एका दमात येत नाहीत. मग बरेच जण मागे रेकॉर्ड केलेला आवाज तसाच वाजवतात आणि त्यावर फक्त ओरडतात. मित्रानं ती सवय मोडायला दोन वर्षं घेतली. श्वास कुठे घ्यायचा ते तो वहीत उभ्या रेघेनं दाखवू लागला, रेघेला जागा नसेल तर ओळच बदलू लागला. तिसऱ्या वर्षी मी त्याच्या ट्रॅकमधून आवाज पूर्ण काढून टाकला आणि नुसता बीट सोडला. त्या रात्री पहिल्यांदा तो खऱ्या अर्थानं लोकांसमोर एकटा उभा होता, आणि पडला नाही.

पैशांचा भाग थोडक्यात सांगतो, कारण त्यात फारसं काही नाही. पहिल्या चार वर्षांत बहुतेक शो फुकट झाले. नाव होईल असं सांगितलं जायचं. एका आयोजकानं ठरलेली रक्कम आठ महिने दिली नाही आणि मग फोन उचलणंच बंद केलं. रात्रीची शेवटची लोकल चुकली तर रिक्षाला लागणारे पैसे मानधनापेक्षा जास्त असायचे. ही लोकल आणखी कुणाला अडवायची तेही सांगायला हवं. गोलात आणि मंचावर मुली फार थोड्या होत्या. कल्याणची रॅपर डी एमसी तेव्हापासून ठामपणे उभी राहिली, पण बारा वाजता संपणाऱ्या शोनंतर एकट्या मुलीनं घर गाठायचं कसं, हा प्रश्न कुठल्याही आयोजकाच्या यादीत नव्हता. किती जणी या एका कारणानं दुसऱ्यांदा आल्याच नाहीत, याची खंत मला आजही आहे.

१४ फेब्रुवारी २०१९ला झोया अख्तरचा ‘गली बॉय’ हा सिनेमा प्रदर्शित झाला. त्यात या मंचांवरचे अनेक खरे रॅपर पडद्यावर दिसले. तोडफोड आणि सौरभ त्यातल्या ‘इंडिया ९१’ या गाण्यात आहेत. त्या वर्षी आमच्या मित्राला सगळ्यांत जास्त फोन आले. जाहिराती, कॉलेजची संमेलनं, कंपन्यांचे समारंभ. भलं झालं हे मी मान्य करतो. घरच्यांनी पहिल्यांदा विचारलं की पुढचा कार्यक्रम कधी आहे. पण मोठ्या मंचांना ओळखीची चार-पाच नावंच हवी होती आणि सुन्या रात्री नव्यांना मिळायच्या त्याही आता तिकीट खपवणाऱ्या नावांकडे गेल्या. शिडीला वरच्या पायऱ्या जोडल्या गेल्या आणि खालच्या दोन निघाल्या. त्याच वर्षी स्वदेसीनं आरेच्या जंगलातले वारली कलावंत प्रकाश भोईर यांच्यासोबत ‘द वारली रिव्होल्ट’ केलं, जंगल आणि जमिनीचा प्रश्न मांडला. ऑक्टोबरमध्ये रातोरात आरेत झाडांवर करवत चालली. सिनेमाच्या यशाच्या वर्षात हे गाणं झालं, म्हणून मला या पिढीबद्दल विश्वास वाटतो.

मार्च २०२०मध्ये टाळेबंदी आली आणि जवळजवळ दोन वर्षं मंच अंधारात गेले. मित्रानं त्या काळात कुरिअरचं काम केलं. कार्यक्रम पुन्हा सुरू होत होते तेवढ्यात, मार्च २०२२मध्ये एमसी तोडफोड, म्हणजे धर्मेश परमार, वयाच्या २४व्या वर्षी गेला. काही दिवसांपूर्वीच तो लोकांसमोर गायला होता. त्याला ज्यांनी फक्त पडद्यावर पाहिलं त्यांना त्याची खरी उंची कळणार नाही. दोन गाण्यांच्या मधे तो समोरच्या माणसाकडे बघून बोलायचा, तेव्हा दोनशे जणांची गर्दी शेजाऱ्यांच्या बैठकीसारखी व्हायची. त्याचा जो काही ठेवा आहे त्यातला मोठा भाग अशा रात्रींचा आहे आणि त्या कुठेही जतन झालेल्या नाहीत. हा मागोवा लिहायला बसलो त्याचं हेही एक कारण.

दहा वर्षांचा हिशेब मांडला तर माझं मत असं झालं आहे: मुंबईत रॅपला प्रसिद्धी भरपूर मिळाली, जागा मात्र मिळाली नाही. भाषा मुलांनी कमावली, ताल कमावला, श्रोतेही कमावले. पण १६-१७ वर्षांच्या मुलानं पहिल्यांदा माइक हातात घ्यावा, चुकावं आणि पुढच्या महिन्यात परत यावं, असे मंच या शहरात अजून बोटांवर मोजण्याइतकेच आहेत. बारच्या भरवशावर ते उभे राहणार नाहीत.

आमच्या मित्रानं त्याच्यापुरतं उत्तर शोधलं आहे. विक्रोळीत एका नृत्यवर्गाचा हॉल तो महिन्यातून एका रविवारी भाड्यानं घेतो. संध्याकाळी पाचला सुरू, आठला बंद. दारू नाही, वयाची अट नाही, तिकीट १०० रुपये, आणि दारावर जमलेले पैसे गाणाऱ्यांत सारखे वाटले जातात. वेळ बदलल्याबरोबर मुलींची संख्या वाढली आणि मागच्या रांगेत आया येऊन बसू लागल्या. मी अजूनही लॅपटॉप सांभाळतो.

असे हॉल प्रत्येक उपनगरात आहेत. पालिकेची सांस्कृतिक केंद्रं, शाळांची सभागृहं, वाचनालयांचे वरचे मजले, गणेशोत्सव मंडळांचे मंच. हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या हाती अशा जागेची किल्ली असेल, तर महिन्यातली एक संध्याकाळ या मुलांना द्या. ज्यांच्या हाती किल्ली नाही त्यांनी तिकीट काढा आणि वेळेवर या. सगळ्यांत कमी माणसं पहिल्या गाणाऱ्यासमोर असतात आणि सगळ्यांत जास्त गरज त्यालाच असते.